रानडुकरांसाठी गुळाची दोरी

रानडुकराच्या नाकात कापसाची काडी घालून नमुना घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी पशुवैद्यक आहे, अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेला आहे, पण हे काम मलाही कुणी सांगू नये. म्हणून मग दोरी.

रानडुकरांमधल्या फ्लूवर नजर ठेवायचा एक प्रकल्प आहे. मोताळा तालुक्यापुरती ती नजर म्हणजे मी, डॉ. योगिनी, माझी स्कूटी आणि बर्फाचा एक डबा. काम का करायचं ते सोपं आहे. थंडीत नळगंगेच्या धरणावर बाहेरगावची बदकं उतरतात, त्यांच्याजवळ त्यांचा फ्लू असतो. गावात माणसं असतात, त्यांच्याजवळ त्यांचा. डुकराच्या अंगात हे दोन्ही शिरू शकतात, आणि एकाच वेळी शिरले तर त्यातून तिसराच, कुणाच्या ओळखीचा नसलेला फ्लू बाहेर पडू शकतो. तो माणसांपर्यंत पोचायच्या आधी आपल्याला कळावा, म्हणून डुकरांची लाळ तपासायची. जाड सुती दोरी गुळाच्या पाण्यात बुडवायची, डुकराच्या तोंडाला येईल एवढ्या उंचीवर टांगायची, खाली मक्याचे दाणे टाकायचे. डुकरं दाणे खातात, मग गोडाच्या आशेनं दोरी चघळतात. सकाळी ती दोरी पिळून लाळ नळीत भरायची, नळी बर्फात ठेवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. दोरी आधी निर्जंतुक हवी, म्हणून मी ती घरच्या कुकरमध्ये चार शिट्ट्या करून घेते. त्या कुकरात आता वरण लागणार नाही, असं आईनं जाहीर केलं आहे.

दोऱ्या टांगायला मला जागा हवी होती ती सावरखुट्याच्या वामनरावांची. त्यांचं घर गावातलं शेवटचं, घरामागे त्यांचं वावर, आणि वावर संपलं की जंगलच. वावराला चहूकडून जुन्या साड्यांचं कुंपण होतं. लाल, पोपटी, जांभळी, जरीची एक. डुकरं रंगाला बिचकतात असं सगळा तालुका मानतो. वामनरावांच्या घरातल्या आणि शेजारणींच्या मिळून चाळीसेक साड्या त्या कुंपणात खपल्या होत्या आणि डुकरं जरीच्या साडीखालून सुद्धा आरामात येत होती.

काय करायचं ते मी वामनरावांना समजावून सांगितलं. साठीचा माणूस, काटक, पांढऱ्या मिशा.

"म्हंजे बाई," ते म्हणाले, "तीस साल झाले मी ह्यायले हाकलून राह्यलो. फटाके फोडले, डबे वाजवले, रातच्या राती जागलो. अन आता तुमी म्हनता, गूळ चारा?"

"तपासणीसाठी, वामनराव."

"पावन्यावानी दोरीले टांगून?"

"हो."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. पन गूळ चांगला नका आनू. काळाच आना."

एवढ्यावर आमचं जमलं. वामनराव कामाला एकदम पक्के निघाले. मी त्यांना हातमोजे दिले आणि ठणकावून सांगितलं की दोरीला उघडा हात लागता कामा नये, एक बोटसुद्धा नाही. दोऱ्या मी बांधायचे, ते वेळेवर दाणे टाकायचे, कुठला कळप कुठून आला ते पायांच्या खुणांवरून सांगायचे, आणि त्यातल्या एकेकाला अशा शिव्या घालायचे की मी त्या नोंदवहीत लिहू शकत नव्हते. मी शेतकऱ्यांशी पटकन भांडते, तो माझा दोष आहे, पण वामनरावांशी दोन महिन्यांत माझा एकही वाद झाला नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी त्यांच्या मुलीला, वंदनाला, मोताळ्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. वंदना डोणगावला दिलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि हे पहिलं. मला ते वामनरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी फोन करून सांगितलं. खरं तर ओरडूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोऱ्या लावायच्या होत्या आणि मला नेमकी बुलढाण्यात बैठक. मी वामनरावांना फोन केला, अभिनंदन केलं, आणि विचारलं की उद्या मी आले नाही तर सहाच्या सहा दोऱ्या तुम्ही एकट्यानं लावाल का.

"लावतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं आनंदात असतील.

बुधवारी सकाळी मी दोऱ्या काढायला गेले. वामनराव वावरातल्या खोपडीच्या, म्हणजे राखणीच्या झोपडीच्या दारात, भर उन्हात चादर गुंडाळून बसले होते. मी जवळ जायला लागले तर त्यांनी लांबूनच हात केला.

"तुमीच काढा आज. मी इथंच बरा हाय."

"काय झालं?"

"काई नाई. डुकरायनं झोपू नाई देल्लं."

मी दोऱ्या काढल्या, पिळल्या, नळ्यांवर क्रमांक घातले. सगळ्या ओल्या होत्या. गुळानं, दवानं की लाळेनं हे नुसतं बघून कळत नाही. निघताना त्यांनी हाक मारली.

"बाई, हा जो फ्लू तुमी पाहून राह्यल्या. लहान्या लेकराले लय वाईट असते काय थो?"

मला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी विषयाबद्दल काही विचारलं होतं. मी तिथेच उभं राहून छोटंसं व्याख्यान दिलं. नवजात बाळाला ताप म्हणजे धोकाच, त्याला अजून लस नाही, ताकद नाही, वगैरे. ते सगळं मन लावून ऐकत होते.

"अन अंगात किती दिवस राह्यते?"

"डुकराच्या? पाच-सात दिवस."

"अन मानसाच्या?"

"जवळपास तेवढेच. ताप गेल्यावरही दोन-चार दिवस सांभाळावं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. घरी जाऊन मी आईला सांगितलं की शेतकऱ्याची वैज्ञानिक जिज्ञासा बघायची तर सावरखुट्याला ये. स्वतःवर इतकी खूश मी क्वचितच असते.

दोन दिवसांनी दाणे द्यायला पुन्हा सावरखुट्याला गेले, तेव्हा बाळ बघायला घरात शिरले. आतल्या खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, आणि पलंगावर वंदना. बाळ कपड्यांच्या गठ्ठ्यात होतं. एवढंसं कपाळ आणि मिटलेले डोळे दिसत होते. मी लांबूनच बघितलं, कारण वच्छलाबाई दारात उभ्या होत्या आणि शिंकणाऱ्या माणसाला त्या उंबऱ्याच्या आत घेत नव्हत्या. मला आधी दोनदा विचारलं, नाक साफ आहे ना.

"किती गोड," मी म्हणाले. "वामनरावांनी काय म्हटलं बघून?"

वच्छलाबाईंनी वंदनाकडे पाहिलं. मग वंदना म्हणाली, "बाबानं पाह्यलं नाई."

"म्हणजे?"

"अजून आलेच नाई घरात. दवाखान्यातून फोन केला मायनं, पोट्टी झाली म्हनून. ते म्हने, बरं. एवढंच. बरं. अन फोन ठेवला. थवापासून वावरातच हायत."

वच्छलाबाई घाईघाईनं मध्ये पडल्या. "मका दान्यात आला हाय ना बाई. डुकरं लय येऊन राह्यले."

"माय, मका दरसाल येते," वंदना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मका हाय म्हनून नाई आले ते. पोट्टी झाली म्हनून नाई आले."

"अवं, तुया बाप तसा नाई!"

"मंग कसा हाय? इथून पन्नास पावलावर हाय, अन पाच दिवसांत एक डाव येनं नाई झालं?" तिनं बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "आता आयक. पुढच्या शुक्रवारी बारसं हाय. शनिवारी मी डोनगावले जातो. सव्वा महिना नाई अन काई नाई. अन मंग ह्या घरी मी लेकरू घेऊन येनार नाई. ज्याले पाहाचं नाई त्याच्या दारी कायले आनू?"

वच्छलाबाई पदरात तोंड लपवून बाहेर गेल्या. मी दोन शब्द बोलले, ते काही कामाचे नव्हते. पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक सव्वा महिना व्हायच्या आत निघून गेली तर गाव वर्षभर चघळतं, आणि इथे तर ती पुन्हा न येण्याचं बोलत होती. स्कूटीवर बसताना मी वावराकडे पाहिलं. खोपडीसमोर वामनराव त्याच चादरीत बसले होते. मला त्यांचा असा राग आला की सांगता येत नाही. जरीच्या साडीच्या कुंपणाआड बसलेला, मुलीच्या जन्मानं तोंड पाडलेला म्हातारा! मी तेव्हाच जाऊन चार शब्द सुनावणार होते, पण मोताळ्यात एका म्हशीचा पाय मोडला होता आणि तिचा मालक तिसऱ्यांदा फोन करत होता.

मंगळवारी अविनाश सरांचा फोन आला. सर प्रकल्पाचे प्रमुख. ते आयुष्यात कधी मोठ्यानं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"योगिनी, सावरखुट्याच्या सहापैकी तीन नमुन्यांत फ्लू आलाय. एक, दोन आणि पाच क्रमांक. आणि कुठला माहीत आहे? या हिवाळ्यात माणसांमध्ये फिरतोय तोच!"

"माणसांचा फ्लू? रानडुकरात?"

"रानडुकरात! हे मोठं आहे. त्याच ठिकाणचे आणखी नमुने आण. आणि कुणाला बोलू नकोस."

मी कुणालाही बोलले नाही. आईला सांगितलं, मावशीला सांगितलं, आणि नागपूरच्या मामेबहिणीला सांगितलं, कारण तिला मी पशुवैद्यक झाले याची कीव येते. रात्री जेवतानाच मी परिषदेत नेसायची साडी ठरवली. आपल्या तालुक्याचं नाव पडद्यावर कसं दिसेल, तेही एकदा डोळ्यांपुढे आणून झालं.

बुधवारी दुपारी कुकरमधल्या ताज्या दोऱ्या घेऊन मी सावरखुट्याला गेले. वच्छलाबाई स्टीलचा डबा घेऊन वावराकडे निघाल्या होत्या. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचल्यावर त्यांनी डबा दगडावर ठेवला, कालचा धुतलेला डबा उचलला आणि मागे फिरल्या.

"आत नाही जात?" मी विचारलं.

"त्यायनं फवारा मारला हाय म्हने हरभऱ्याले. लय जहरी औषध हाय, बाळंतीन हाय घरात, तू वावरात पाय नको टाकू म्हने. सोमवारपासून इथंच ठेवतो मी डबा. त्या सोमवारपासून."

फवाऱ्याचा वास मला तर येत नव्हता. कुठलं औषध दहा दिवस जहरी राहतं, हा प्रश्नही पडायला हवा होता. पण माझं डोकं तेव्हा परिषदेच्या व्यासपीठावर होतं.

वामनराव आज बरे दिसत होते. चादर नव्हती, दाढी केलेली. मी दोऱ्या त्यांच्या पुढे ठेवल्या आणि मुद्दाम कोरड्या आवाजात म्हणाले, "लावा." मला राग दाखवायचा होता. त्यांना तो कळलाच नाही. त्यांनी हातमोजे चढवले, पहिली दोरी घेतली, बाभळीच्या फांदीवरून टाकली, एक टोक हातात धरलं, आणि दुसरं टोक तोंडात घालून दातांनी करकचून ओढलं.

"ओ वामनराव! काय करून राह्यले तुमी!" मी ओरडले. मी चिडले की माझी बुलढाण्यातली शाळेतली भाषा जाते आणि घरची येते.

ते दचकले. दोरी अजून दातांतच होती. "गाठ मारून राह्यलो," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"दातानं?"

त्यांनी दोरी सोडली. "मंग कायनं मारू? तुमीच म्हनल्या ना, हात नाई लावाचा. अन ह्या मोज्यात दोरी सटकते. दातानं धरली का गाठ पक्की बसते. माया बाप बी असाच मारे."

मी धुऱ्यावर बसले. 

"मागच्या मंगळवारी पण असंच केलं?"

"तीन दोऱ्यायले. बाकीच्या तीन खुंट्याले लावल्या, त्यायले फासच टाकला, गाठीचं काम नाई पडलं."

"कुठल्या तीन फांदीवर होत्या?"

त्यांनी काठीनं दाखवलं. ही, ती पलीकडची, आणि नाल्याजवळची. एक, दोन आणि पाच.

मी वर पाहिलं. वामनराव गोंधळून उभे होते. आणि मग सगळंच एकदम माझ्या लक्षात आलं. उन्हातली चादर. लांबूनच केलेला हात. लहान्या लेकराले लय वाईट असते काय. बोटांवर मोजलेले दिवस. इतका वेळ मी त्याला जिज्ञासा म्हणत होते, मला स्वतःचीच लाज वाटली.

"वामनराव," मी म्हणाले, "तुम्हाला ताप होता."

त्यांनी हातमोजे काढले, एकात एक घातले. 

"रैवारी मोताळ्याचा बजार केला," ते म्हणाले. "सोमवारी सकाऊन अंग दुखलं. वच्छला गेली दवाखान्यात वंदीपाशी, मी घरी. दुपारी फोन आला, पोट्टी झाली. मले इतका खोकला आला बाई, का मी 'बरं' म्हनलं अन ठेवला फोन. तिले आयकू गेलं असतं. मंग चादर घेतली अन वावरात आलो."

"पण घरी सांगायचं ना! आजारी आहे म्हणून!"

"कोनाले सांगू? वच्छलेले?" ते पहिल्यांदाच चिडले. "तिले तुमी वळखत नाई. मले ताप हाय म्हनलं का आली असती धावत. माया कपाळावर पट्ट्या ठेवल्या असत्या, काढा पाजला असता, रात काढली असती उशाशी. अन मंग त्याच हातानं लेकराले तेल लावलं असतं. अकरा वर्सानं आलं हाय लेकरू. मी म्हनलं, डुकरं हायत म्हनू. फवारा मारला म्हनू. कोनी येनार नाई. शुक्रवारी उतरला ताप. पन तुमी म्हनल्या होत्या ना, ताप गेल्यावर बी सांभाळाचं. म्हनून थांबलो."

पाच दिवस ताप, आणि दगडावर ठेवलेला डबा, आणि पाणी द्यायलाही कुणी नाही. या माणसाबद्दल मी मनात काय काय बोलले होते ते आठवून माझे कान गरम झाले.

"वंदनाला काय वाटतंय माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"काय?"

मी सांगून टाकलं. मुलगी झाली म्हणून तुम्ही तोंड फिरवलं असं तिला वाटतंय. शनिवारी ती जाणार आहे. पुन्हा बाळ घेऊन या घरी येणार नाही, असं म्हणाली आहे.

 "मले?" ते म्हणाले. "मले पोट्टी नको?" मग त्यांनी वहाणा घातल्या आणि थेट घराकडे चालू लागले. हरभऱ्यातून, सरीबिरी न बघता. साड्यांच्या कुंपणापर्यंत पोचले. तिथे थांबले. पोपटी साडीचा काठ धरून उभे राहिले. आणि वळून, तसेच हळूहळू परत आले.

"तुमी शप्पथ घेऊन सांगता काय," ते मला म्हणाले, "का माया अंगात आता काईच नाई?"

मी पशुवैद्यक आहे आणि मला खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक नाही," मी म्हणाले. "पण तपासल्याशिवाय शपथ नाही घेता येणार."

"मंग तपासा. तवर मी इथंच हाय."

"अहो, पण वंदना..."

"वंदीचा राग मी काढीन बाई. पाया पडून काढीन. लेकराले ताप आला तर थो कोन काढन?"

 मी फोन काढला. एक क्षणभर, खरं सांगते, नुसता एक क्षणभर मनात आलं की गाठीचं कुणाला कळलंय? तीन नळ्या प्रयोगशाळेत आहेत, साडी ठरली आहे. मग मी सरांचा नंबर लावला आणि सगळं सांगितलं. 

"दातानं?" सर म्हणाले.

"दातानं, सर. हातमोज्यांत दोरी सटकते. चूक माझी आहे, मी गाठ कशी मारायची ते सांगितलंच नव्हतं."

"हं." कागद चाळल्याचा आवाज आला. "त्यांच्या नाकातला नमुना पाठव. आजच. त्या तिन्ही नळ्यांत माणसाच्या पेशी आहेत का तेही बघायला सांगतो. आणि योगिनी, पुढच्या वेळी फास कर."

वामनरावांच्या नाकात काडी घातली तेव्हा ते इतके शिंकले की जंगलातून मोर ओरडला. रानडुकराशी याहून फार वेगळं झालं नसतं, असं मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, त्यायच्यापरीस मी शहाना हाय, मी चावलो नाई. मग गंभीर होऊन मला बजावलं की घरात काही सांगायचं नाही, वच्छला लगेच येईल वावरात. मी हो म्हटलं. वावरातून घरापर्यंत साधारण पन्नास पावलं आहेत, तेवढा वेळ मी तो शब्द पाळला.

आतल्या खोलीच्या दारात उभं राहून मी एका दमात सगळं सांगितलं. आधी वच्छलाबाई भडकल्या. "फवारा म्हने! अन मी येड्यावानी धा दिवस दगडावर भाकर ठेवून राह्यली! एकला तापात पडला हा मानूस, अन मले..." त्या रागारागानं शेगडीतली राख चाळायला लागल्या. "जातो मी आत्ता, पाहातो त्याच्याकडे..."

"तुम्ही नाही जायचं," मी म्हणाले. "तुम्ही जाल, एवढ्याच भीतीनं ते गप्प होते."

त्या जागच्या जागी बसल्या.

 वंदनानं पाय खाली सोडले. कानाला रुमाल बांधला, अंगावर शाल घेतली, बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं आणि उभी राहिली.

"अवं कुठं?" वच्छलाबाई ओरडल्या. "बारा दिवस व्हायचे हायत! बाळंतीन बाहेर पाय टाकते काय?"

"टाकते," वंदना म्हणाली आणि मागचं दार उघडलं.

मी तिच्याही पुढे पळाले. या दोघांच्या मध्ये पुरेसं अंतर राहिलं पाहिजे हे बघायला तिथे कुणीतरी शास्त्रज्ञ हवा होता. हरभऱ्यातून धावत मी खोपडीपाशी पोचले आणि वामनरावांना म्हणाले, "इथून हलायचं नाही."

ते हललेच नसते. ते उभे राहून बघत होते. परसाच्या टोकाला, साड्यांच्या पलीकडे, वंदना उभी होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी आई झालेली, दहा दिवसांची बाळंतीण, भर दुपारी उघड्यावर. तिनं दुपट्याचं टोक बाजूला केलं आणि बाळाला दोन्ही हातांनी पुढे, उंच धरलं. एवढ्या लांबून खरं तर काही दिसत नव्हतं. पांढऱ्या कापडात एक लालसर ठिपका.

वामनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बाबा!" वंदनानं हाक मारली. "नाक निरं तुमच्यावर गेलं हो!"

 मग ते एकदम इतक्या मोठ्यानं ओरडले की सगळ्या गावाला ऐकू गेलं असेल.

"झाक तिले! वारं हाय! ऊन हाय! घरात जाय बेटा, घरात जाय!"

वंदना जात नव्हती. तिनं बाळाला छातीशी घेतलं, पण तिथेच उभी राहिली. वारा नव्हताच; कुंपणाची एकही साडी हलत नव्हती.

"शुक्रवारी या लवकर," ती ओरडली. "तुमच्याबिगर पाळन्यात नाई टाकत मी हिले!"

वामनरावांनी मान हलवली, नुसती हलवत राहिले. मग टोपी डोक्यावर ठेवली, माझ्याकडे पाठ केली आणि खांद्यावरच्या रुमालानं नाक पुसलं, डोळे पुसले, पुन्हा नाक पुसलं.

"जराशी सर्दी हाय बाई," ते म्हणाले.